खिळ्यावरचा तुकडा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि बघा. पडद्यावर एक जाडजूड मामंजी तिवईवर बसायला वाकलेत. मागून त्यांचा अवखळ जावई हळूच तिवई ओढून घेतो आणि मामंजी धप्पकन जमिनीवर! आता मधलं तिवई ओढणं काढून टाका. मामंजी वाकले, मामंजी पडले. येतं का हसू? नाही ना? त्याच एका सेकंदापायी चारुशीला आज सकाळपासून उपाशी होती.

गोष्ट नागपूरची, १९७४ सालची. चारुशीला अकरा वर्षांची. तिचे आजोबा नत्थूजी इतवारीतल्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. मामंजींचा तो सिनेमा, ‘बसा हो मामंजी’, तिथे पहिल्यांदा लागला तेव्हा आठवडाभरही टिकला नाही. पुढे मात्र दर उन्हाळ्यात सकाळच्या खेळाला तो लागायचा आणि नटाच्या आधी लोकच संवाद म्हणायचे. चालून चालून, तुटून तुटून त्याची एकच प्रत उरली. ती न्यायला आज पुण्याहून माणूस आला होता. तिकडे जुने सिनेमे जपून ठेवत. ज्याला हवा त्याला फुकट बघायला मिळे.

मशीनच्या केबिनमध्ये नत्थूजी टेबलाखाली वाकून शोधत होते.

“एक हात फिल्म म्हणजे एक सेकंद, साहेब. तेवढाच गेला. नेमका तिवईचा! मीच हरवला. डोये गेले माये.”

“राहू द्या, नत्थूजी. आहे तसा नेतो.”

“आहे तसा काहून? पुढचे लोक म्हणतील, हा बुढा उगाच काहून पडला!”

चारुशीला दारात चुळबुळत उभी होती. केबिनचा नियम साधा होता: डब्यातले तुकडे टाकाऊ, खिळ्याला लटकवलेले पुन्हा फिल्मला जोडायचे. डब्यातले घ्यायची तिला मुभा होती. पण चार महिन्यांपूर्वी एके दिवशी डबा रिकामा होता आणि खिळ्यावरचा तुकडा कसा चकचकीत! तिने तो घेतला, कात्रीने त्याची चोवीस चित्रं वेगळी केली आणि वर्गात एकेका चिंचेला देऊन टाकली. उरलेली नऊ आत्ता तिच्या मुठीत घामाने चिकटत होती.

“आबाजी, डोये चांगले हायेत तुमचे,” ती एकदम बोलली. “मीच घेतला.”

नत्थूजींनी एकेक चित्र खिडकीच्या उजेडात धरलं.

“कापला काहून वं?” एवढंच विचारलं. मग म्हणाले, “नऊ तुकड्यानं तिवई अर्धीच सरकते. बाकीचे?”

“पोरींकडे.”

“गाडी सहाची आहे,” पुण्याचा माणूस हळूच म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

चारुशीला धावत सुटली. पहिलं घर वर्गातल्या गोपिकेचं, पण तिने नाही म्हटलं. बाकीची बहुतेक चित्रं गल्लीतच, दारोदार मिळाली. एका तासात पंधरापैकी तेरा हाती आली. मग ती पुन्हा गोपिकेकडे आली. गोपिका अजून अडूनच बसली होती.

“दिलेली वस्तू वापस मागते का कोणी? लाज नाही वाटत?”

“वाटते. पण आबाजी स्वतःलेच बोल लावून राहिले होते वं. मी चार महिने गुमान पाहत होती.”

गोपिकेने पुस्तकातून चित्र काढून दिलं. “शेवटचं वर्गातल्या कौशल्याकडे होतं. ते तिनं मावशीच्या पोरीले देलं. तिकडं दूर जरीपटक्याले राहते ते.”

चारुशीलेने ओसरीवरची गोपिकेच्या भावाची सायकल बाहेर ओढली. “बस मांगे. रस्ता सांग,” म्हणाली, आणि सीटवर बसून पाय पोचत नव्हते तरी दांड्याखालून पाय घालून पायडल मारलं. सहा वाजायला अजून दोन तास होते आणि आता एकच चित्र उरलं होतं.