धडधाकट कुठं लिहिलंय?

भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला, की तो वाचल्याशिवाय चांगुणाचा पाय पुढं पडत नसे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, खताच्या रिकाम्या पोत्यावरची अक्षरं, एसटीतल्या सूचना, काहीही चालायचं. ती सातवीपर्यंत शिकली होती. पुढची शाळा चार कोसांवर होती, आणि तिचा उजवा पाय तिसऱ्या वर्षीच तापात लुळा पडलेला. एका हातानं मांडी दाबत, दुसऱ्या हातानं काठी टेकत ती चालायची. चार कोस रोज तसे झाले नसते, म्हणून तिचं शिक्षण भिंतीवरच्या कागदांवर राहिलं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लोहा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात त्या साली ज्वारी हातभर वाढून करपली, विहिरींचे तळ दिसायला लागले आणि माळावर रोजगार हमीचं खडी फोडायचं काम निघालं. चांगुणाची आई केवळाबाई कामावर लागली. जिच्या शेतात ती वर्षानुवर्षं खुरपायला जायची, ती धुरपताबाईही आता तिच्या शेजारी बसून हातोडा चालवायची.

चावडीवर कामाचा कागद लागला तेव्हा चांगुणानं तो दोनदा वाचला. काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम मिळेल, एवढंच त्यात होतं. मागच्या बाजूला आणखी काही छापलं असेल म्हणून तिनं सुटलेला कोपरा उचलून पाहिला. मागं नुसती खळ होती.

दुसऱ्या दिवशी ती माळावर गेली. मस्टर कारकून माणिकप्पा लिंबाखाली हजेरीची वही घेऊन बसला होता. उदगीरकडचा तरुण माणूस, अक्षर मोत्यासारखं आणि कामात काटेकोर.

"साहेब, मव्हं नाव लिवा."

त्यानं आधी काठीकडं पाहिलं. "तुझ्या मायचं नाव हाय की मस्टरवर."

"मायचं हाय. मव्हं न्हाई."

"बाई, हे धडधाकट माणसाचं काम हाय."

"धडधाकट कुठं लिवलंय?" चांगुणानं विचारलं. भांडण काढायचं तिच्या मनात नव्हतं. तिला खरोखरच ते कुठं लिहिलंय ते बघायचं होतं. "चावडीवरच्या कागदात तर न्हाई. तुमच्यापाशी आसंल तर दाखवा, मला वाचता येतं."

माणिकप्पानं वहीत ठेवलेला सरकारी कागद काढला आणि ओळीवर बोट ठेवत सगळा वाचला. मग घडी घालून परत ठेवला. "लिवलेलं नसलं तरी समजून घ्यायचं असतंय. उद्या तुला काय झालं तर जबाब मी देऊ का? काम करायला लायक हाय म्हणून जिल्ह्याच्या डॉक्टरचा दाखला आण, मग लिहितो."

जिल्हा उस्मानाबादला होता तेव्हा तिथं जायचं म्हणजे मुक्कामाची तयारी लागायची. आता सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं.

"कशाला जातीस?" केवळाबाई म्हणाली. "चारचौघांत पाय उघडा करून दाखवावा लागंल."

"दाखवीन की. ते कसं मोजतेत ते तरी कळंल."

लातूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पाऊल ठेवलं आणि चांगुणा थबकली. कुबड्यावाले, काळे चष्मेवाले, हातवारे करून बोलणारे, चाळीसएक माणसं भिंतीला टेकून बसलेली. गावात ती एकटीच होती. निदान तिला तसं वाटत आलं होतं. ती एकेकाला विचारत सुटली. तुमचं कशानं झालं? एसटीत चढता-उतरता कसं? निलंग्याकडची कमलम्मा नावाची बाई एका हातानं वेणी कशी घालते ते तिनं तिला करून दाखवायला लावलं. चांगुणाचं नाव पुकारलं तेव्हा कमलम्माची वेणी अर्धीच झाली होती.

डॉक्टर बसवराज यांनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या, पाय उचलायला लावला, गुडघ्यावर ठोकून पाहिलं. "पन्नास टक्के," ते शेजारच्या लिपिकाला म्हणाले.

"मव्हा कुठला अर्धा, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी मान वर केली. चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "नुसत्या पायाचा हिशेब आहे, बाई. बाकी तुम्ही पूर्ण आहात. हा दाखला जपून ठेवा. एसटीत सवलत मिळते. सरकारी नोकऱ्यांत शंभरात तीन जागाही आहेत तुमच्यासाठी."

"पर मला लायक हाय म्हणून पायजे." तिनं माळावरची गोष्ट सांगितली.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून दुसरा फॉर्म काढून तिच्यापुढं धरला. "हा बघा लायकीचा. यात 'सर्व प्रकारच्या कामास योग्य' असं छापलंय. एकाच माणसाला दोन्ही कसे देऊ?"

चांगुणानं दोन्ही कागद सावकाश वाचले. "सगळ्या कामाला लायक कोण असतंय? तुम्ही खडी फोडताल का?"

लिपिक हसला. डॉक्टर हसले नाहीत. "तुम्ही फोडता?"

"दावू का?"

दवाखान्याच्या मागं नव्या इमारतीचं काम चालू होतं. दगडांच्या ढिगाशी डॉक्टर पुढं आणि चांगुणा मागं अशी दोघं गेली. तिनं लुळा पाय बाजूला घेतला, चांगला पाय दुमडून बसली, चिंधीचं वेटोळं करून त्यात दगड बसवला. एका बाईचा हातोडा मागून घेतला. दगडाची रेघ बघून ठोका मारला तशा त्याच्या दोन फाका झाल्या. मग चार, मग आठ. आईला भाकरी घेऊन जायची तेव्हा तासन्‌तास बसून तिनं हे बघितलं होतं, कुणाचं लक्ष नसताना करूनही पाहिलं होतं.

"पाय लागतच नाही यात," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग वाकून त्यांनीही एक ठोका मारून पाहिला. दगड उडून सिमेंटच्या गोण्यांपाशी जाऊन पडला.

"रेघ बघावी लागती," चांगुणा म्हणाली.

डॉक्टरांनी लायकीचा फॉर्म वापरलाच नाही. कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं: या बाईंचा उजवा पाय अधू असून बसून करावयाचे कोणतेही काम त्या करू शकतात, आज मी स्वतः पाहिले आहे. खाली सही केली, शिक्का मारला.

परतीच्या गाडीत तिच्या डोक्यात शंभरात तीन घोळत राहिले. हा आकडा कुणी मोजून काढला? दोन वर्षांपूर्वी शिरगणतीचे मास्तर घरी आले होते. आंधळं-पांगळं कुणी आहे का, म्हणून त्यांनी विचारलं होतं. ती आत चुलीपाशी होती. आईचं उत्तर तिनं ऐकलं होतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "माय, मास्तरला तू न्हाई कामून म्हणालीस?"

केवळाबाई परातीतलं पीठ मळत होती. "तवा तुला बघायला येणार व्हते ना लोक. कागदावर गेलं म्हंजी गावभर झालं." मग पदरानं कपाळ पुसून म्हणाली, "आपल्या एकट्याच्याच घरी न्हाई म्हणले आसं न्हाई, पोरी. त्या गुणाबाईच्या घरी तिचा आंधळा सासरा आत होता. ग्यानोबाचा हात कडबा कापायच्या यंत्रात गेलेला, त्याच्या बापानं पोरगं परगावी हाय म्हणून सांगितलं."

चांगुणाला रडू यायला हवं होतं. तिला मात्र वाटलं, म्हणजे गावात किती जण असतील?

सकाळी माणिकप्पानं दाखला उभ्याउभ्याच वाचला. 'मी स्वतः पाहिले आहे' या ओळीवर त्याचं बोट थांबलं. असा दाखला त्यानं आजवर पाहिला नव्हता. "ह्याला नाकारायला मला जागाच न्हाई," तो म्हणाला आणि मोत्यासारख्या अक्षरात त्यानं तिचं नाव चढवलं.

पहिल्या दिवशी तिचा ढीग सगळ्यांत लहान होता. तळहाताला फोड आले, धुरपताबाईनं स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. आठवड्यानं ढीग बरोबरीला आला. दुपारच्या सुट्टीत ती घरोघर जाऊन बसायला लागली. तिच्यासारखे अकरा जण निघाले. आठ जणांना काम नको होतं, किंवा घरचे नको म्हणत होते. तिघं आले.

ग्यानोबा आला तेव्हा मनगटापासून तुटलेला हात त्यानं सदऱ्यात लपवला होता. माणिकप्पानं त्याला दाखला मागितला नाही. वही मिटून तो लिंबाखालून उठला, उन्हात आला आणि चांगुणाच्या समोर उकिडवा बसला.

"ह्यानं हातोडा धरला तर दगड कोण धरंल?" त्यानं विचारलं.

चांगुणानं वेटोळ्यावरचा दगड उचलून जमिनीत थोडा खळगा केला, त्यात तो रुतवून बघितला. दगड हलत होता.

"ह्याच्याहून खोल लागंल," ग्यानोबा म्हणाला. त्यानं लपवलेला हात बाहेर काढला आणि कोपरानं माती सारायला लागला.