फिशपाँडच्या पेटीतली एक चिठ्ठी

“नाव लिहायचं नाही हं! घडी घालायची आणि पेटीत टाकायची.” माझ्याशेजारी उभं राहून कुणीतरी दरवर्षी हे सांगायचं. ते ऐकता ऐकताच मी जुनी झाले.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, फिशपाँडची. कॉलेजच्या गॅदरिंगला मुलं एकमेकांवर निनावी चिठ्ठ्या लिहून माझ्यात टाकतात, आणि मग एक सर त्या माईकवर वाचून दाखवतात. केरबा सुतारांनी आंब्याच्या फळ्यांतून मला घडवलं, वर बोटभर फट ठेवली. पलूसच्या एका कॉलेजात मी आले. गॅदरिंगला झेंडूची माळ, एरवी खडूच्या खोक्यांखाली जागा. माझी तक्रार नव्हती.

१९९६ साली एक चिठ्ठी वाचली गेली: ‘कडेगावच्या मयूरीची शेवटची एसटी रोज चुकते. चुकवतो कोण?’

सगळा मांडव हसला. फक्त मयूरी हसली नाही. ती घरी पोचायच्या आधीच चिठ्ठीतली गोष्ट गावात पोचली. भावकीने तिचं कॉलेज बंद करायला लावलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

तिचे वडील जोतीराम, फौजेतून निवृत्त झालेले, वकील सुहासिनीताईंना घेऊन कॉलेजात आले. मी टेबलावरच होते.

“आवं, प्रॅक्टिकल उशिरा सुटतं. येष्टी चुकली म्हून पोरगी दोनदा हितं मावशीकडं ऱ्हायली, येवढंच. आन् ह्यास्नी गंमत सुचतीया!” जोतीराम म्हणाले.

चिठ्ठी पुढे ठेवल्यावर उदयसिंह नावाच्या विद्यार्थ्याने ते अक्षर आपलं असल्याचं कबूल केलं.

“बाईच्या अब्रूला शब्दांनी धक्का लावला तरी तो गुन्हाच असतो,” ताई शांतपणे म्हणाल्या. “तक्रार द्यायची का, ते मयूरी ठरवेल.” मग त्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या अनंत सरांकडे वळल्या. “सर, आधी सगळ्या चाळता ना?”

“चाळतो की.”

“यंदा किती काढून टाकल्या?”

“सात.”

“कुणावरच्या?”

सरांचा आवाज खाली गेला. “प्राचार्यांवरच्या.”

मग जोतीराम म्हणाले, “मयूरी म्हणती, लिव्हणाऱ्याचं कायदा बघंल. पर वाचणाऱ्यानं आमच्या पारावर यून सांगावं, त्ये खोटं हुतं म्हणून. तवा भावकीचं त्वांड बंद हुईल, आन् पोरगी परीक्षेला बसंल.”

“येतो,” सर म्हणाले. “उद्याच.”

मी लाकूड. पडेल ते ठेवून घेते. मला निवडता येत नाही, म्हणून मला कायदा लागत नाही. हसणाऱ्या पाचशे जणांना कोणतं कलम लावावं, तेही मला ठाऊक नाही. पण लिहिणाऱ्याचा हात आणि निवडणाऱ्याचे डोळे, दोन्ही कायद्याने पाहावेत. मित्रांनो, दुसऱ्याचं नाव हाती आलं, की देवापुढच्या दिव्यासारखं दोन्ही हातांनी जपून धरा.

दुसऱ्या दिवशी सर शिपायाच्याही आधी आले. रजेच्या अर्जात त्यांनी कारण लिहिलं: ‘माफी मागण्यासाठी’. थोडा वेळ त्याकडे पाहत बसले, पण खोडलं नाही. अर्ज टेबलावर ठेवला, चपला घातल्या, आणि कुणाला न सांगता कडेगावच्या पहिल्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागले.