रिव्हर्स हॉर्न

नवऱ्याची चंडीगडला बदली झाली म्हणून प्रतिमानं साताऱ्यातली नोकरी सोडली होती. त्यामुळे डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात, गोदामात माल तपासायचं काम मिळालं तेव्हा ती हरखून गेली.

एका सकाळी ती खोक्यांवरची लेबलं वाचत उभी असताना मागून फोर्कलिफ्ट चालवणारा गुरमीत ओरडला, "मॅडमजी, हटो!" तिनं बाजूला उडी मारली आणि रिव्हर्समध्ये येणाऱ्या फोर्कलिफ्टनं तिचं स्टूल वरच्या जेवणाच्या डब्यासकट चेपलं. साबुदाण्याची खिचडी फरशीभर झाली.

"हॉर्न का नाही वाजला?" तिनं विचारलं.

गुरमीतनं मॅनेजर भुल्लरांच्या काचेच्या केबिनकडे नुसतं पाहिलं. फोनवर बोलताना त्रास होतो म्हणून त्यांनी रिव्हर्स हॉर्नची वायर काढायला लावली होती.

घरी नवरा जयंत म्हणाला, "जरा दमानं घे. नवीन नोकरी आहे."

"पर पापा, डब्बे की जगह मम्मा भी हो सकती थी," कैवल्य म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रतिमा आधी गुरमीतकडे गेली. "तक्रार तुझी नाही, हॉर्नची करणार आहे. वायर कुणी काढायला सांगितली ते कुणी विचारलं तर सांगशील?"

"सांगीन जी. मागं बघून बघून मान आखडलीय माझी."

मग ती केबिनमध्ये शिरली. भुल्लरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "त्या आवाजानं माझं डोकं उठतं, प्रतिमाजी."

"तुमचं उठेल, सर. आमचं फुटेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी सेफ्टीच्या नयना मॅडमना आजच कळवणार. तुम्हाला मागून कळू नये म्हणून आधी इथं आले."

तिनं खरंच कळवलं, चेपलेल्या डब्याच्या फोटोसकट. दुपारी नयना आली, गुरमीतशी बोलली आणि हॉर्न जोडेपर्यंत फोर्कलिफ्ट बंद ठेवायला सांगून गेली. मालाची चढ-उतार थांबली. ट्रकवाले चहा पीत बसले. काचेआडून भुल्लर बघत होते. गेली आपली नोकरी, असंच प्रतिमाला वाटत होतं.

संध्याकाळी हॉर्न वाजला. आवाज खरोखरच भयंकर होता. गुरमीतनं मात्र हौसेनं फोर्कलिफ्ट उगाच दोनदा मागे घेतली.

हॉर्नपासून लांब म्हणून भुल्लरांनी आपलं टेबल वरच्या मजल्यावर हलवलं. वर रिकामी जागा एकच होती, प्रतिमा मालाच्या नोंदी करायची त्या खोलीत, तिच्या अगदी समोर. आता दिवसभर त्यांचं फोनवरचं खणखणीत पंजाबी तिच्या कानावर आदळू लागलं. तिच्याशी मात्र ते अवाक्षर बोलत नव्हते. लेबलांचे आकडे दोनदा चुकल्यावर हॉर्न परवडला असता, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

एके दिवशी फोन ठेवून ते खाली वाकले. "प्रतिमाजी, तुमच्या किटलीची वायर उघडी पडलीय."

"बरेच दिवस तशीच आहे. चालते अजून."

"पक्का? की नयना मॅडमना कळवू?"

ते अगदी गंभीर चेहऱ्यानं बघत होते, पण मिशी हलत होती. प्रतिमाला हसू आवरेना. तिनं मुकाट्यानं प्लग काढला आणि कँटीनमधून दोन चहा मागवले. चहा आला तोवर भुल्लरांचा पुढचा फोन सुरू झाला होता.