बरगडीतलं नाक

तूबा खानम लहान असताना खेचराची लाथ बसून तिचं नाक चेहऱ्यात दबलं, ते तसंच राहिलं. पुढे लग्न झालं, मुली झाल्या, मागावर कितीतरी गालिचे विणून झाले; श्वास मात्र ती तोंडानेच घ्यायची. नणंदा तिला 'भाता' म्हणायच्या. मुली सासरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की आता माझी पाळी, आणि ती शिराझला आमच्या इस्पितळात आली.

डॉक्टर सेपेहरींनी तिला समजावलं. नाकातली कूर्चा, म्हणजे आतलं मऊ हाड, चुरडून गेली होती, कानाची पुरणार नव्हती, म्हणून बरगडीची काढावी लागणार होती. परकं काही घालायचं नव्हतं, तिचंच तिला.

"आदमच्या बरगडीतून अख्खी बाई निघाली म्हणतात," ती मला म्हणाली. "माझ्या बरगडीतून नुसतं नाक. तेवढं तरी सरळ काढा, पोरी."

मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स. हौसेने नाक नीट करून घेऊन त्यावर पट्टी लावलेल्या मुली आमच्या शहरात रोज दिसतात, पण बरगडीचं काम मी पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टरांनी बोटाएवढा पांढरा तुकडा काढला, त्याच्या पातळ पट्ट्या कापल्या, सलाइनच्या वाटीत सोडल्या आणि हात बाजूला घेऊन उभे राहिले. कूर्चा कापली की वळते. ती नाकात वळण्यापेक्षा वाटीत वळलेली बरी, असं ते म्हणाले. आम्ही सगळे त्या वाटीकडे बघत राहिलो. कुणी हात न लावता एक पट्टी हळूहळू धनुष्यासारखी वाकली. शरीरापासून सुटलेला तो तुकडा अजून आपल्या मनाचं काहीतरी करत होता.

सरळ राहिलेल्या पट्ट्या त्यांनी बसवल्या, शिवल्या. वरून कातडी ओढली, आणि त्या सपाट जागेवर नाक उभं राहिलं.

नाकावरची पट्टी निघाली त्या दिवशी तिचा नवरा जहांगीर टोपी हातात धरून दाराशी उभा होता. तिने आरसा मागितला नाही. तोंड मिटलं. तिची छाती सावकाश वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुखतंय का, असं त्याने घाबरून विचारलं.

"गप्प बस जरा," ती म्हणाली. "हवा आत येताना गार लागते. तुला माहीत होतं?"

डोळे मिटून त्याने स्वतः एक लांब श्वास घेऊन पाहिला.

"लागते खरी," तो म्हणाला.