पाहुण्याच्या गालावरची खळी

मित्रांनो, आधी एकदा किंचाळून घ्या. घेतलंत? आता बसा. मला पहिल्यांदा पाहिल्यावर सगळेच किंचाळतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. न किंचाळता कुणी पुढे गेलं, तर मात्र दिवसभर मला चैन पडत नाही.

रबराचा मुखवटा आहे मी, वयाने जुना आणि स्वभावाने त्याहून जुना. 'मागचं दार' नावाच्या भीतिपटांच्या मालिकेत एक खुनी आहे. न बोलावता येतो, एक शब्द बोलत नाही आणि निघायचं नाव घेत नाही, म्हणून लोक त्याला 'पाहुणा' म्हणतात. त्या पाहुण्याचा चेहरा म्हणजे मी. तुमच्या वयाच्या मुलांना ते चित्रपट पाहू देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. माझी गोष्ट ऐकायला मात्र हरकत नाही. तिच्यात रक्त नाही, फक्त मत्सर आहे, आणि मत्सराला वयाची अट नसते.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. तिथे मुखवटे करणारे एक कारागीर होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी आधी मातीचा चेहरा घडवला, त्यावरून प्लास्टरचा साचा काढला, साच्यात पातळ रबर ओतून तो गोल गोल फिरवला, उरलेलं रबर काढून टाकलं आणि आत राहिलेला थर सुकत ठेवला. तो थर म्हणजे मी. मास्तरांचा एक नियम होता. ते म्हणत, "मुखवट्यावर कारागिराचं बोट दिसता कामा नये." आणि गंमत बघा, त्याच मास्तरांच्या पहिल्या मोठ्या कामावर, माझ्या डाव्या गालावर, अंगठ्याएवढी खळी पडली. कुणी विचारलं की ते मिशीतून म्हणत, "मुद्दाम केलीय. कल्पना आहे ती."

खरं काय ते पुढे येईलच.

मला घालणारा नट होता लंबू. दाराची चौकट त्याच्या मापाने करावी लागे. पडद्यावर तो शंभर माणसांचा कर्दनकाळ, आणि प्रत्यक्षात पाल दिसली की टेबलावर. पण माणूस सभ्य. मला डोक्यावर चढवण्याआधी दर वेळी विचारायचा, "येऊ का?" आम्ही दोघांनी मिळून आठ चित्रपट केले. खोटं रक्त साखरेच्या पाकाचं असे. एकदा त्या पाकाच्या वासाने एवढ्या मुंग्या आल्या, की त्यांनी मला उचलून थेट दारापर्यंत नेलं. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

लोकांचं सगळ्यात जास्त प्रेम होतं ते माझ्या खळीवर. तिसऱ्या भागात सांगितलं की ती तापलेल्या सळीची खूण आहे. पाचव्यात घोड्याने लाथ मारली. सातव्यात तर पाहुण्याची सावत्र आईच आणली. आठ चित्रपटांत एका खळीची पाच कारणं दिली गेली आणि पाचही थापा! मी सुद्धा थापाड्या आहे, पण इतका नाही.

मग मालिका थांबली. मास्तरांनी माझ्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि मला खिडकीतल्या फळीवर ठेवलं. तिथे मी बावीस वर्षं ऊन खाल्लं. एका वर्षी चिमणीने माझ्या तोंडात घरटं केलं. तिची चार पिल्लं माझ्या डोळ्यांतून बाहेर बघत, आणि जगातला सर्वांत भयंकर खुनी सकाळ-संध्याकाळ चिवचिवाट करी. हनुवटीखाली एक चीर पडली होती, पण बघतो कोण?

एक दिवस बातमी आली, की नववा भाग निघतोय. मित्रांनो, मी फळीवर ताठ झालो. आता मास्तरांचे हात थरथरत असत. त्यामुळे काम मिळालं त्यांच्या लेकीला, ठमीला. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ठमीने मला खाली घेतलं, तेव्हा मला वाटलं, झालं, निघाली वरात! पण तिने टेपने माझं कानापासून कानापर्यंतचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि मला परत फळीवर ठेवलं.

नवा मुखवटा करायचा होता.

तो माझ्या डोळ्यांसमोर वाढला. सिलिकॉनचा! कातडी अशी, की हात लावला तर गरम लागेल. भुवईचा एकेक केस ठमीने सुईने रोवला. आत बारीक मोटरी होत्या, त्यामुळे तो भुवया उडवायचा. मी आयुष्यात एकदाही भुवई उडवली नव्हती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनातल्या मनात मी त्याला 'धाकटा' म्हणायला लागलो, आणि भाऊ मानला तोही सावत्रच.

गाल घडवताना ठमी थांबली. मला हातात घेऊन म्हणाली, "बाबा, ही खळी ठेवू की काढू?"

मास्तर चहा पीत होते. कप ओठाशी थांबला. "का गं?"

"लोकांना तुम्ही काय सांगता ते मला माहितेय. पण हा अंगठा आहे, बाबा. तुमचाच. मला कळतं."

मास्तरांचे कान लाल झाले. "नियम काय आहे आपला?"

"कारागिराचं बोट दिसता कामा नये."

"मग? विचारतेस काय?"

आणि बाईने धाकट्याचा गाल गुळगुळीत केला. मला वाटलं, कुणी माझंच नाव खोडलं.

चित्रपट तयार झाला. लोकांना दाखवण्याआधी शंभर प्रेक्षकांना बोलावून दुपारी एक चाचणी खेळ ठेवला. खेळ संपल्यावर त्यांनी कार्डावर आपलं मत लिहायचं, आणि त्यावरून काय बदलायचं ते ठरवायचं, अशी पद्धत. शोभेसाठी मला काचेच्या पेटीत घालून बाहेरच्या दालनात ठेवलं होतं. कार्डांचं टेबल माझ्या शेजारीच. आत पडद्यावर धाकटा भुवया उडवत होता, आणि मी काचेआड बसून एकच धावा करत होतो, 'पडू दे! हा चित्रपट तोंडावर पडू दे!'

दारं उघडली. पहिला आला एक मिशीवाला तरुण. "ठीक आहे. पण पहिल्यासारखा नाही."

"पहिला आला तेव्हा तू दुधाच्या बाटलीवर होतास!" त्याचा मित्र म्हणाला.

"म्हणून काय झालं? कळतं की माणसाला!"

मागून एक जोडपं आलं. बायको म्हणाली, "सगळा वेळ डोळे मिटून बसलास, आणि आता मत लिहितोयस?"

"आवाज चांगला होता," नवरा म्हणाला आणि त्याने तसंच लिहिलं.

एकाला खून कमी वाटले, एकाला जास्त. एक दाताचे डॉक्टर म्हणाले, बाकी काही असो, पाहुण्याने दात चांगले राखलेत. मी हिरमुसलो. ही मतं म्हणजे धड मार नाही नि धड माया नाही.

तेवढ्यात हातात विणकाम घेतलेल्या एक आत्याबाई भाचीबरोबर आल्या. आठही भाग त्यांनी विणत विणत पाहिलेले. भाची म्हणाली, "काय गं आत्या, आवडला ना?"

"सगळं आहे गं. सुरी आहे, दार आहे, लंबूची ती चालही आहे. पण तो काही तो नाही."

"म्हणजे?"

"अगं, गाल बघितलास का त्याचा? साबणाच्या वडीसारखा! आमच्या पाहुण्याच्या गालावर खळी होती. एवढी माणसं मारायचा मेला, पण ती खळी दिसली की वाटायचं, याला सुद्धा लहानपणी कुणीतरी घट्ट उचलून घेतलं असेल." एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. "हा बघ! हा आमचा!"

झालं! सगळे माझ्या पेटीभोवती. "अरे हो, खळीच नव्हती की! तरीच म्हटलं काहीतरी चुकतंय." ज्यांनी कार्डं टाकली होती त्यांनी परत मागून घेतली आणि खाली लिहिलं, 'खळी कुठे गेली?' मिशीवाल्याने तर तीन प्रश्नचिन्हं काढली. मित्रांनो, बावीस वर्षांचं ऊन त्या एका क्षणात माझ्या अंगावरून उतरलं. काच नसती तर मी सगळ्यांच्या डोक्यावर चढलो असतो.

मग खांबाशी उभी असलेली ठमी मला दिसली. तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता, आणि वरचं एकच कार्ड ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

दिग्दर्शिका तिच्याजवळ आली. वाईट नव्हती, घाईत होती. म्हणाली, "शेवटचा प्रसंग पुन्हा घेऊ, तिथेच चेहरा जवळून दिसतो. बाकीचं मी काटछाट करून निभावते. तुझ्याकडे दोन आठवडे आहेत. खळीवाला चेहरा दे. नाहीतर संगणकवाल्यांना सांगते, ते रंगवून देतील. आणि मग पुढचं कामही त्यांच्याकडेच जाईल, हे तुला आत्ताच सांगून ठेवते."

ठमीने पेटी उघडली. "हाच घालू या की, जुना."

ऐकलंत? माझं मागणं फळाला आलं! लंबू पुढे आला. केस पांढरे झाले होते, पण विचारलं त्याने तसंच, "येऊ का?" आणि मला डोक्यावर चढवलं.

टर्रकन आवाज झाला. हनुवटीखालची ती चीर थेट कानापर्यंत गेली. लंबूने मला हळूच उतरवलं आणि पंख मोडलेलं पाखरू धरावं तसं ओंजळीत धरलं. "माफ कर रे म्हाताऱ्या," म्हणाला. कुणीच किंचाळलं नाही. सगळ्यांना माझी कीव आली, आणि मुखवट्याला कीव चावते.

ठमी मला घेऊन खोलीवर आली. माझा प्लास्टरचा साचा अजून होता. तिने त्यात रबर ओतून नवा मुखवटा काढला. पण साच्याला खळी नव्हतीच, ती नंतरची. तिने चमच्याच्या पाठीने दाबून पाहिलं, गोटीने पाहिलं, स्वतःच्या अंगठ्याने पाहिलं. पाच मुखवटे झाले. पाचांचे फोटो दिग्दर्शिकेला पाठवले, आणि उत्तर आलं, 'पाहुण्याच्या दाढा पडल्या का?' बारा दिवस संपले. मी फाटक्या तोंडाने फळीवर पडून होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जिंकल्याची लाज वाटत होती.

शेवटी ठमीने हात टेकले. "बाबा, खरं सांगा. तुम्ही ही पाडली कशी?"

मास्तरांनी मिशी चोळली. "पाडली नाही गं. तू पडलीस, म्हणून पडली."

"मी?"

"चार वर्षांची होतीस. पावडरचा डबा काढायला त्या स्टुलावर चढलीस. मी नुकता याला साच्यातून काढला होता, घाई करून, ओलाच. धाडकन आवाज झाला. तुला उचलली तेव्हा हा हातातच होता. तुला टेंगूळसुद्धा नव्हतं. याच्या गालावर मात्र..."

"आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? ओला मुखवटा काढलास म्हणून तुझ्या बोटांवर मी किती वेळा पट्टी मारलीय, आठवतंय ना? वाटलं, तू गाल साफ करतेयस तर बरंच आहे, माझी चूक पुसली जाईल."

मी तर सगळं आधीपासून जाणून होतो, मी त्या मुठीतच होतो ना! आत्याबाईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं, फक्त एवढंच, की उचललं होतं ठमीला. मी आपला मध्ये दाबला गेलो. ज्या खळीच्या जोरावर मी तीस वर्षं मिरवलो, ती मुळात माझ्यासाठी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमीने सहावा मुखवटा साच्यातून सोडवला, अजून ओला. तिची पाठ आमच्याकडे होती. मास्तरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मग पाय लांब करून त्यांनी ते जुनं स्टूल धाडकन लाथाडलं, "अगं आई गं!" अशी आरोळी ठोकली आणि अलगद जमिनीवर बसले.

"बाबा!" ठमी धावली. हातातल्या मुखवट्यासकट तिने म्हाताऱ्याला कवटाळलं. "कुठे लागलं? कंबर का? बोला ना!"

"कंबर राहू दे. अंगठा बघ."

तिने पाहिलं. सहाव्याच्या डाव्या गालावर, नेमक्या जागी, खळी.

"बाबा! शोभतं का हे या वयात? जीव गेला असता माझा!"

"तेवढाच जायला हवा होता," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय ती पडत नाही."

लंबूने तो मुखवटा घालून शेवटचा प्रसंग पुन्हा दिला. पुढचं काम ठमीकडेच राहिलं. चित्रपट लागला तेव्हा मिशीवाला म्हणाला, "आठव्यापेक्षा बरा, पण पहिल्यासारखा नाही." आत्याबाईंनी मात्र विणकाम मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आला गं बाई एकदाचा!"

ठमीने माझी चीर आतून चिकटवली. सिलिकॉनचा भाऊ खोक्यात आहे, भुवया उंचावूनच. सहावा आणि मी आता एका कपाटात, सावलीत, शेजारी शेजारी असतो. तेव्हा मित्रांनो, म्हाताऱ्याचं एक ऐका. तुमच्या घरात जुनं रबर असेल तर त्याला उन्हात टाकू नका, आतून पावडर लावा, अधूनमधून खाली उतरवून बघा. आणि एखाद्या जुन्या वस्तूवर डाग किंवा खोक दिसली, तर पुसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो आधी थाप मारेल. तुम्ही दुसऱ्यांदा विचारा.

माझा मत्सर गेला का म्हणता? छे! सहाव्याच्या खळीत लेकीची भीती आहे, माझ्या खळीत बापाची. कपाटाचं दार उघडलं आणि उजेड आला, की मी चोरून दोन्हींची खोली ताडून बघतो.

माझीच जास्त आहे. केसभर का होईना, पण माझीच.