चार बोटं दारू

मित्रांनो, काठाचा टवका उडालेली मी एक जुनी काचेची बरणी आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात संगमावर इंग्रजांची वकिलात होती. तिथल्या डॉक्टरसाहेबांबरोबर मी सातासमुद्रापलीकडून आले. माझ्या पोटात दोनदा गाळलेली कडक दारू असे. आज प्रयोगशाळेत जे काम फॉर्मॅलिन करतं, ते तेव्हा ती करायची. मांसाचा तुकडा तिच्यात बुडवला की सडत नसे आणि भिंगाच्या यंत्राखाली नीट पाहता येई. साहेबांनी मला घोड्यांचे वैद्य दत्तोबा यांना दिलं. शहरात दारूबंदी, त्यामुळे बिचारे मला फडताळात लपवून ठेवत.

एके सकाळी एका सरदाराचा लाडका घोडा तडफडून मेला. घोड्यांची निगा राखणाऱ्या मच्छिंद्रने विष घातलं, असा आळ आला. संध्याकाळपर्यंत तो निर्दोष ठरला नाही, तर त्याचा उजवा हात तोडायचा हुकूम सुटला. दत्तोबांनी घोडा चिरला, तर आतड्याच्या अस्तरावर बारीक ठिपके दिसले. त्यांनी एक तुकडा माझ्यात बुडवला. त्यांना स्वतःला पागा सोडायची मनाई होती, म्हणून मच्छिंद्रच्या बायकोच्या, तुळजाबाईच्या हाती मला दिलं.

"साहेबांना दाखव. जंत निघाले तर ते चिठ्ठी देतील. तुकडा दारूबाहेर पडू देऊ नकोस, उन्हात सडेल."

वाटेत चौकीवरच्या गोपाळकृष्णपंतांनी तिला अडवलं.

"काय बाई, तीर्थ वाटायला निघालात?"

"दारू हाय," तुळजाबाईनं खरं ते सांगितलं. "पन प्यायची न्हाई."

"मग काय, केसांना लावायची?"

पंतांनी मला हिसकावून अगदी नाकाशी धरलं.

"म्येल्या घोड्याचं आतडं हाय त्यात, पंत."

पंतांनी मला टाकलंच. मी ओट्यावर आपटले, टवका उडाला, बूच निघालं आणि दारू भळभळा वाहिली. पंत विटाळ झाला म्हणत आंघोळीला पळाले. तुळजाबाईनं मला उचललं, तेव्हा आत जेमतेम चार बोटं दारू उरली होती आणि तुकडा अर्धा उघडा पडला होता. माझा जीव टांगणीला लागला.

"पानी घाल की वरून," चौकीतला शिपाई म्हणाला.

"लोनच्यात पानी घालत्यात व्हय?"

शहाणी बाई. पाण्यानं दारू पातळ झाली असती आणि तुकडा हातचा गेला असता. तिनं मला तिरकं धरलं, म्हणजे दारू एका बाजूला साचली आणि तुकडा बुडाला. वर पदराची सावली केली. तशीच ती संगमापर्यंत चालली. वाटभर मला तिनं सरळ होऊ दिलं नाही.

साहेबांनी तुकड्याचा पातळ काप भिंगाखाली धरला. अस्तरात जंतच जंत होते. चिठ्ठी घेऊन ती धावत पागेत पोचली, तेव्हा दिवस कलला होता. मच्छिंद्रच्या दोऱ्या सोडल्या. मनगटं चोळत तो पहिलं बोलला ते हे: "बाकीच्या घोड्यांस्नी जंताचं औषध पाजलं का?"

कुणीच पाजलं नव्हतं. सगळे त्याला बांधण्यात गुंतले होते.

मित्रांनो, कुणावर आळ घेण्याआधी जरा थांबा, नीट पाहा. आणि आमच्यासारख्या बरण्या हलक्या हातानं ठेवा. त्या दिवशी मी फुटले असते, तर मच्छिंद्रचा हात गेला असता आणि पागेतले उरलेले घोडेही.