नानांना पसंत आहे

"दोन वर्षं पोरीला निवांत शिकू द्या," फुलक्यावर तूप सोडत रतिलाल म्हणाले, "मग सगळे इकडे जमले की दिवाळीच्या सुमारास बार उडवून टाकू."

नानांचा, म्हणजे केवलचंदांचा, हात गट्ट्याच्या भाजीत तसाच राहिला. "कसला बार?"

रतिलाल मोठ्याने हसले. "नानांची मस्करीची सवय काही जात नाही."

नानांनी मस्करी केलीच नव्हती. सकाळी जळगावहून निघताना त्यांना एवढंच ठाऊक होतं की धुळ्याला रतिलालकडे जेवायला जायचंय आणि त्यांचे आभार मानायचेत. नात विधी अमेरिकेला शिकायला जाणार होती. रतिलालचा मुलगा रोनक न्यू जर्सीत राहतो, त्याने घराजवळच्या एका कॉलेजची माहिती मिळवून दिली होती. एवढी मदत केली म्हटल्यावर माणसाने तोंडदेखलं तरी जाऊन यावं, म्हणून नाना धोतर बदलून गाडीत बसले होते. शेजारी बायको सायरबाई, गाडी चालवायला मुलगा हितेंद्र, विधीचा बाप.

रतिलालची बायको कुंदाबाई वाढता वाढता म्हणाली, "आमच्या रोनकलाही विधी आवडलीय. फोटो बघितले, फोनवर एकदा बोलला. उगीच का पोरीसाठी घरापासून पायी जाता येईल असं कॉलेज शोधलं?"

नानांनी सायरबाईंकडे पाहिलं. त्या ताटात बघत होत्या. हितेंद्र पाणी प्यायला लागला, आणि पेला रिकामा झाला तरी त्याने तो तोंडाचा काढला नाही. तेव्हा नानांना कळलं की या घरात बसलेल्या माणसांत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस एकच आहे. पाहुणा म्हणून आल्यावर ताटावरून उठायचं नसतं, म्हणून त्यांनी समोरचा फुलका संपवला. त्याची चव काही त्यांना कळली नाही.

नानांचं जळगावच्या फुले मार्केटात साड्यांचं दुकान आहे. शिक्षण मॅट्रिक, तेही काठावर. पण साडी विकायची त्यांची एक रीत आहे आणि ती सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. बाईने साडी पसंत केली की नाना ती घडी उचलून तिच्या हातात देतात आणि म्हणतात, "दारात जा. उजेडात बघून या." ट्यूबलाइटखाली मरून रंग लाल दिसतो, मोरपंखी निळा दिसतो, हे गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळण्यापेक्षा दारात कळलेलं बरं. शेजारचे दुकानदार हसायचे, नाना गिऱ्हाईक हाताने पळवतात म्हणून. गिऱ्हाईक पळालं नाही. उलट धरणगाव, जामनेरकडच्या बाया पिढ्यान् पिढ्या इथेच येतात, आणि आता तर बऱ्याच जणी दारात जायचेही कष्ट घेत नाहीत. नानांना पसंत आहे ना, मग झालं.

विधी लहानपणी याच गादीवर लोळायची. कुठल्या साडीचा रंग जातो, कुठलीचा जात नाही, आणि का जात नाही, हे विचारून तिने नानांना भंडावून सोडलं होतं. नानांना ते 'का' कधीच सांगता आलं नाही. बारावीला गेल्यावर ती म्हणाली, "मी हेच शिकणार, दादाजी. धागा आणि रंग." मग गेलं अख्खं वर्ष दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजोबा-नात लॅपटॉप उघडून अमेरिकेतली कॉलेजं बघायचे.

"सगळ्यात मोठ्या नावाचं कुठलं?" नानांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"नाव शेवटी बघायचं," विधी म्हणाली. "माझा विषय तिथे आहे का, ते आधी."

"म्हणजे काठ नंतर, पोत आधी."

"हं. मग त्या कॉलेजला मान्यता आहे का. मग आत गेलेली मुलं शिकून बाहेर पडतात की मधेच सोडून जातात. बाहेरच्या देशातून आलेल्यांची कोण विचारपूस करतं. थंडी किती."

नानांना हे सगळं कळत होतं, आणि कळतंय याचाच त्यांना भारी आनंद होत होता. जाहिरातीतले हिरवळीचे फोटो आले की ते हात हलवायचे. "हे शोकेसमधलं. आतली घडी दाखव." आतली घडी म्हणून विधीने तिकडच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या नेपाळच्या मुलीला गाठलं. तिने फोन हातात धरून वसतिगृहाचं स्वयंपाकघर दाखवलं, कांदा-लसूण नको असलेली दोघं-तिघं तिथे वेगळं शिजवतात ते दाखवलं, बाहेरचा गुडघाभर बर्फही दाखवला. नानांनी तिला एकच प्रश्न विचारला, "बेटा, घर जाने का मन करता है?"

"संडे को करता है, दादाजी," ती म्हणाली. "बाकी दिन टाइम नहीं मिलता."

त्या उत्तरावर नानांनी ते कॉलेज मनातल्या मनात पक्कं केलं. तिथल्या मास्तरीण बाईंनी विधीच्या रंगाबद्दलच्या प्रश्नाला लांबलचक पत्र लिहिलं होतं. मार्चमध्ये तिथून प्रवेश मिळाल्याचं कळलं, फीचा बराच भाग माफ करून. त्या दिवशी नानांनी गल्लीत पेढे वाटले. न्यू जर्सीच्या कॉलेजचं नाव घरात निघालं ते त्यानंतर. हितेंद्र म्हणाला होता, "जवळ ओळखीची माणसं आहेत, म्हणून तेही बघतोय." नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन घड्या पुढ्यात असल्या तर चांगलंच. मग विधी दुकानात यायची बंद झाली. परीक्षेचा शीण असेल, असं ते धरून चालले.

जेवण उरकून ते धुळ्याहून परत निघाले. पारोळा मागे पडलं तेव्हा नाना बोलले.

"त्या न्यू जर्सीच्या कॉलेजात विधीचा विषय आहे का?"

"कॉमर्सचं आहे," हितेंद्र रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "चांगलं आहे, पप्पा. उद्या तिथे धंदा..."

"मी विषय आहे का विचारलं."

"नाही."

सायरबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, पोरगी एकटी सातासमुद्रापलीकडे जाणार. आजारी पडली तर पाणी कोण देणार? ओळखीचं घर असलं की मला रात्री झोप तरी लागेल. आणि मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे. आज ना उद्या बघणारच होतो ना."

त्यांचं काही खोटं नव्हतं. भीती तर अगदी खरी होती, आवाजात कापत होती.

"मला का नाही सांगितलं?" नानांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकानातल्यासारखं केलं असतं. तिला म्हणाला असता, जा, दारात जाऊन बघून ये."

"मग त्यात वाईट काय होतं?"

"ती नाही म्हणाली असती."

इतकं सरळ उत्तर नानांना अपेक्षित नव्हतं. माणूस ताकाला जाताना निदान भांडं तरी लपवतो. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. सायरबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"तू लग्न होऊन पालीहून इथे आलीस," नाना हळू म्हणाले, "तेव्हा तुला कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मग काय. झालंच ना सगळं नीट," सायरबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडावर ओढून एरंडोलपासून जळगावपर्यंत झोपेचं सोंग घेऊन बसल्या. इतकी वर्षं नाना हेच धरून चालले होते की सगळं नीट झालं. त्याची खात्री करून घ्यावी, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विधीला दुकानात बोलावून घेतलं. मे महिन्याचं ऊन दहालाच दारात येऊन बसलं होतं. विधी गादीच्या कडेला टेकली, पाहुण्यासारखी.

"बेटा, एक गोष्ट मला काल कळली," नानांनी सुरुवात केली. "तुला कशी सांगू, तेच समजत नाही. ते न्यू जर्सीचं कॉलेज नाही. ते स्थळ आहे."

"मला माहीत आहे," विधी म्हणाली.

"कधीपासून?" नानांनी विचारलं.

"महिना झाला, दादाजी. दादीजींनी सांगितलं."

"आणि तू हो म्हणालीस?"

"हो नाही म्हणाले. पण मागच्या आठवड्यात त्या दुसऱ्या कॉलेजला कळवून टाकलं की मी येत नाही. तारीख जवळ आली होती त्यांची. जागा अडवून ठेवणं बरं नाही."

तिला धक्का बसेल, ती रडेल, मग आपण तिला सावरू, असं सगळं त्यांनी रात्रभर घोकून ठेवलं होतं. ते सगळं राहिलं बाजूला. गादीवरच्या पांढऱ्या चादरीला सुरकुती नव्हती तरी ते ती हाताने सारखी करत बसले.

"का पण?" ते शेवटी म्हणाले. "तुझा विषय, त्या मास्तरीण बाई, ती नेपाळची पोर. वर्षभर आपण दोघांनी बघितलं ना ग सगळं. मला एका शब्दाने विचारायचं नाही?"

"दादीजी म्हणाल्या, दादाजींनाही पसंत आहे."

"मी असं कधी..."

"मला कसं कळणार?" विधीचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "तुम्ही पसंत म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, दादाजी. मी इथे बसून बसून हेच तर बघितलंय. मला वाटलं, तुम्ही बघितलंत, तर काहीतरी बघूनच ठरवलं असेल. महिनाभर वाट पाहिली, तुम्ही स्वतः मला सांगाल म्हणून."

आणि महिनाभर नाना तिचा परीक्षेचा शीण जाईल म्हणून वाट बघत होते. त्यांना एकाएकी फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं. त्यांच्या नावावर आजवर कोणी खोटा माल खपवला नव्हता. पहिल्यांदा खपवला तो त्यांच्याच घरात, आणि घेणारी ही. त्यांना बायकोचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याहून जास्त त्यांना लाज वाटली, त्या एवढ्या मोठ्या करून ठेवलेल्या आपल्या शब्दाची.

"लिही त्यांना," ते म्हणाले.

"काय लिहू? आधी नाही म्हटलं, आता हो?"

"आपण विकलेली साडी परत घेतो की नाही? घडी मोडली नसेल तर घेतो. जे झालं ते खरं खरं लिही. घरच्यांनी ठरवलं होतं, मला विचारलं नव्हतं, असं लिही."

"जागा गेली असेल, दादाजी."

"गेली असेल. तर पुढच्या वर्षी दुसरी बघू, परत पहिल्यापासून. घरात काय बोलायचं ते मी बोलतो." ते थांबले. "पण तुला जायचंय का तिथे, ते तू ठरव. मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही."

विधीने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. लॅपटॉप घेऊन ती दाराच्या पायरीवर जाऊन बसली. पडद्यावर ऊन पडत होतं, नीट दिसतही नसेल, पण नानांनी तिला आत ये म्हटलं नाही. ती लिहायची, खोडायची, परत लिहायची. तिकडे आत्ता रात्र होती. उत्तर आलं तर संध्याकाळनंतर, नाहीतर कधीच नाही.

तेवढ्यात धरणगावच्या सुगंधाबाई आल्या. मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यांनी पाच-सहा साड्या उलगडायला लावल्या, त्यातली एक डाळिंबी बाजूला काढली, आणि दम खात गादीवर बसल्या.

"नाना, हाईच बांधी द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हले पसंत शे ना? मंग मी डोया झाकीसन लेसु."

त्या डोळे झाकून घ्यायला तयार होत्या. नानांच्या ओठांवर 'पसंत आहे' हे उत्तर तयार होतं. हजार वेळा दिलेलं, आपसूक येणारं. ते तोंडातच राहिलं. मग नाना गादीवरून गुडघ्यावर हात देऊन उठले, साडी उचलली आणि सुगंधाबाईंच्या हातात ठेवली.

"माझं राहू द्या, बाई," ते म्हणाले. "मुलीला सोबत आणलंय का?"

"ती भाहेर रिक्षामा बशेल शे."

"मग तिला बोलवा. दारात उभं राहून तिला बघू द्या."

सुगंधाबाईंना काही उमगलं नाही. नानांचं आज काहीतरी बिनसलंय, एवढंच त्यांना वाटलं. पण त्यांनी रिक्षाकडे हाक मारली. मुलगी लाजत आली, पायरीवर उभी राहिली आणि डाळिंबी पदर उन्हात धरून उलटसुलट बघायला लागली. विधीने लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि जरा सरकून तिला उजेडात जागा करून दिली.